पायपुसण्याखालचे झाकण

नेदरलँड्समध्ये एखाद्या घराच्या तपासणीला गेले की माझे लक्ष सर्वप्रथम दारामागच्या पायपुसण्याकडे जाते. येथील बहुतेक जुन्या घरांत त्याखाली एक लाकडी झाकण असते आणि ते उचलले की तळमजल्याचा स्लॅब व जमीन यांच्यामधल्या, जेमतेम पोटावर सरपटता येईल एवढ्या पोकळीत उतरता येते. झुटरमेअरच्या त्या घरात पायपुसणे होते, परंतु त्याखाली झाकण नव्हते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड लॅमिनेट अंथरलेले होते.

हेगची वाढती वस्ती सामावण्यासाठी 1960 च्या दशकापासून झुटरमेअर झपाट्याने वाढवले गेले, आणि एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळी, ज्यांना येथे ‘रेइत्येसहाउस’ म्हणतात, तेथे गल्लोगल्ली दिसतात. हे घर 1973 मध्ये बांधलेले, आठ घरांच्या ओळीतले मधले होते. दर्शनी खिडकीतून आलेले ऊन दिवाणखाना ओलांडून मागच्या बागेपर्यंत पोहोचेल अशी त्याची रचना होती. खिडकीच्या कठड्यावर ऑर्किडच्या दोन सारख्या कुंड्या होत्या आणि रस्त्यावर इतकी शांतता होती की शेजाऱ्याच्या सायकलचे स्टँड लावल्याचा आवाजही आत ऐकू आला. खरे सांगायचे तर इतके नीटनेटके घर पाहिले की माझ्या मनात शंका येते. मात्र तो माझ्या व्यवसायाचा दोष आहे.

घर घेणारे जोडपे नाशिकचे होते. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीपेक्षा त्यांनी 31,000 युरो अधिक देऊ केले होते. येथे बँक सामान्यतः घराच्या मूल्यांकनाएवढेच कर्ज देते, त्यामुळे वरची रक्कम त्यांच्या साठवणुकीतून जाणार होती आणि त्यानंतर हाताशी फारसे काही उरणार नव्हते. करारात एवढीच सोय होती की तातडीच्या दुरुस्तीचा खर्च 10,000 युरोंच्या वर जात असल्याचे तपासणीत दिसले, तर त्यांना व्यवहार सोडता येणार होता.

विक्रेत्याच्या दलालाने मला सुचवले की ‘पोकळीत उतरता आले नाही’ असे लिहून पुढे जावे. आमच्या नियमांत ते बसते, आणि लपवण्यात अर्थ नाही, मीही तसे अनेकदा लिहिले आहे. पण 1973 हे वर्ष मनातून जाईना. साधारण 1965 ते 1981 या काळात येथे कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे स्लॅब तळमजल्यासाठी सर्रास वापरले गेले आणि त्यांपैकी काहींत काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळलेले असे. त्यातला क्लोराइड सळईवरचे संरक्षक कवच फोडतो, खालच्या दमट हवेत सळई गंजू लागते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून उकलत जाते.

आमचे बोलणे ऐकत उभे असलेले घरमालक, वय वर्षे 79, मध्येच म्हणाले की ते झाकण त्यांनी स्वतःच बंद केले होते, कारण हिवाळ्यात तेथून गार वारा येई. एवढे बोलून ते मागच्या शेडमध्ये गेले आणि करवत घेऊन आले. दलालाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी अंगभर पांढरा संरक्षक पोशाख चढवून, कपाळाला दिवा बांधून खाली उतरले. ओल्या वाळूचा गारवा कोपरांतून वर चढत होता. पहिल्या दोन स्लॅबवर हातोडी खणखणीत वाजली. तिसऱ्याचा आवाज मात्र बद्द आला, अगदी तडकलेल्या मडक्यासारखा. दिवा वळवला तर स्लॅबच्या बरगडीला लांबच लांब भेग होती, तिच्याखाली वाळूत तळहाताएवढी खपली पडली होती, आणि उघड्या पडलेल्या सळईला नखाने खरवडले तेव्हा तिचे पापुद्रे हातात आले. डोंबिवलीत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर काम करताना असे स्लॅब मी पुष्कळ पाहिले होते. तेथे गच्चीतून झिरपणारे पाणी दोषी असे. येथे दोष जन्मतःच मिसळलेला होता. प्रयोगशाळेसाठी तीन ठिकाणी छिद्रे पाडून मी काँक्रीटची भुकटी घेतली.

वर डोके काढले तेव्हा मालक त्या चौकोनापाशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी विचारले, “हे कोसळणार का?” आज-उद्या नाही, पण आधार द्यावा लागेल, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले की त्यांच्या पंचाहत्तरीला चाळीस माणसे याच खोलीत गोल करून बसली होती. मग ते थोडेसे हसले.

दलालाची नाराजी कशामुळे होती, ते मला परत निघताना नीट उमगले. घरातला माहीत असलेला दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असे येथील कायदा मानतो. सकाळी मालकांना काहीच ठाऊक नव्हते. दुपारी ठाऊक झाले होते, आणि आता याच जोडप्याला नव्हे तर यापुढे येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ते सांगणे त्यांना भाग होते.

भुकटीत सिमेंटच्या वजनाच्या 1.3 टक्के क्लोराइड निघाला, 0.4 टक्क्यांच्या वर गेला की आम्ही सावध होतो. माझ्या अहवालातला दुरुस्तीचा आकडा करारातल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे होता. नाशिकच्या बाईंचा फोन आला. “ताई, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?” असे त्यांनी विचारले. सल्ला देणे माझ्या कामात बसत नाही, म्हणून मी आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचून दाखवले. पलीकडे कोणीतरी ते लिहून घेत होते. दोन दिवसांनी त्यांनी व्यवहार सोडला.

पाचेक आठवड्यांनी तेच घर कमी किमतीला पुन्हा विक्रीस आलेले मी पाहिले. वर्णनात स्लॅबच्या स्थितीचा स्पष्ट उल्लेख होता. छायाचित्रांत ऑर्किड जागच्या जागी होते आणि दारामागच्या छायाचित्रात पायपुसणे मुद्दाम बाजूला सरकवून पितळी कडीचे नवे झाकण दाखवलेले होते.