ओढा खोदायचा नाही, वाहू द्यायचा: सीनेकाठच्या कामाचा माझा अनुभव

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा पूर्वा, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास येतो. त्यामुळे इथला ओढा बारमाही नसतोच. मे महिन्यात कोरडा पडलेला ओढा म्हणजे मेलेला ओढा, असं समजून काम सुरू केलं की पुढचा सगळा आराखडा चुकतो आणि मग पोकलेन लावून तळ पाषाणापर्यंत खोदला जातो. सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर काम करताना आम्ही ध्येय वेगळं ठरवलं होतं: पावसानंतरची धार जास्त दिवस टिकावी, डोहांत फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी राहावं, नदीतले मासे वर चढावेत आणि काठावर पाखरांना जागा असावी. उन्हाळ्यात तळ कोरडा पडला तरी चालेल. त्या कोरड्या खड्यांतच टिटवी अंडी घालते.

सुरुवात कागदांपासून. गाव नकाशावर ओढ्याची जुनी वळणं दिसतात, सातबाऱ्यावर काठचा भाग पुष्कळदा पोटखराब, म्हणजे पिकाला न येणारी जमीन, म्हणून नोंदलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ओढ्या-नाल्यांचं पात्र सरकारचं असतं. म्हणून ग्रामसभेचा ठराव, तहसील कार्यालयाची परवानगी आणि भूमी अभिलेखची मोजणी, हे तिन्ही झाल्याशिवाय यंत्र पात्रात उतरवू नये. मोजणीच्या दिवशी दोन्ही काठांचे शेतकरी हजर पाहिजेत आणि खुणेचे दगड त्यांच्यासमोरच रोवले पाहिजेत. जागा जाण्याची भीती खरी असते, ती दाबून चालत नाही. गाळ बांधावर पोचता करून देणं आणि शेताला जायला वाट ठेवणं, यावर बहुतेक ठिकाणी बोलणं जुळतं.

मग पायी पाहणी, आणि ती दोनदा करायची: मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये. मे महिन्यात तळाचा थर दिसतो. ऑगस्टमध्ये पाणी कुठे काठ खातं, कुठे पसरतं ते कळतं. जुनं उंबर, करंज जिथे उभं आहे तो बहुधा मूळ काठ असतो. जिथे हिवाळ्यातही लव्हाळा हिरवा आहे तिथे खाली झिरपा आहे. त्या जागी दगडसुद्धा हलवायचा नाही. प्रवाह मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडायचा, अर्धी भरलेली बाटली सोडायची आणि वेळ घ्यायची. बाटलीला २५ सेकंद लागले तर वरचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी सावकाश जातं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. पात्र २ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर सेकंदाला साधारण १०० लिटर पाणी चाललेलं असतं. हाच आकडा दर पंधरवड्याला, त्याच जागी, वहीत लिहायचा. जवळच्या विहिरींची पातळीही दोरीने मोजून त्याच पानावर. पुढे काम उपयोगी पडलं की नाही, हे या वहीशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

वेडी बाभूळ हा सोलापुरातल्या ओढ्यांचा मोठा प्रश्न. नुसती कापली की एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात, कारण फुटणारे डोळे जमिनीखालच्या खोडाच्या गड्ड्यावर असतात. म्हणून गड्डा किमान ३० सेंटिमीटर खोलीवर तोडून बाहेर काढावा लागतो. पण काठाच्या अगदी कडेला हे करू नये. तिथली माती त्याच मुळ्यांनी धरलेली असते, गड्डा उपटला की पहिल्याच पुरात काठ ढासळतो. कडेची झाडं जमिनीलगत कापायची, दर महिन्याला फुटवे मोडायचे आणि शेजारी लावलेलं गवत, निर्गुडी धरेपर्यंत जुनी मुळं तशीच ठेवायची. सगळा काठ एकदम मोकळा करणंही धोक्याचं. पन्नास मीटरचा एक तुकडा साफ, पुढचा तसाच, आणि तोही एका काठाचाच; दुसरा काठ पुढच्या वर्षी. पाखरांना तेवढा आडोसा राहतो आणि पावसात उघडी माती कमी राहते. शेंगा पिकायच्या आत काम उरकावं. शेळ्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून गावभर पसरतं. लाकूड सरपणाला, कोळशाला जातं. त्याचा लिलाव ग्रामपंचायतीमार्फत करावा म्हणजे वाद होत नाही.

बेशरम या झुडपाचं उलट आहे. तिचा प्रत्येक तुकडा पेरापासून मुळं धरतो. तोडून ओढ्यात टाकली तर खालच्या गावाला लागवडच करून दिल्यासारखं होतं. कापलेल्या फांद्या पात्रापासून लांब, उघड्या मुरमावर पसरून पूर्ण वाळवायच्या. जलपर्णी नेहमी वरच्या अंगाकडून खाली आणि फुलण्याआधी काढायची, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

आता खोदाईबद्दल. आपल्याकडे वर काळी माती, खाली चुनखडी मिसळलेली पांढरी, मग मुरूम, मग मांजऱ्या (अर्धवट कुजलेला, ठिसूळ खडक) आणि शेवटी काळा पाषाण असे थर येतात. पाणी साठतं आणि सरकतं ते मुख्यतः मुरूम-मांजऱ्यात. ओढा सरळ, रुंद करून या थराच्या आरपार खोदला की शेजारच्या विहिरींचं झिरपणारं पाणी त्या चरात येऊन पडतं. तिथून ते उन्हाने उडतं. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पातळी नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. पाणी दिसतं म्हणून गाव खूश होतं आणि विहीर मात्र लवकर आटते. म्हणून आम्ही फक्त साचलेला गाळ काढला आणि मुरूम लागताच थांबलो. चालकाला हे तोंडी सांगून भागत नाही. बादलीत पिवळसर मुरूम दिसला की हात वर करणारा माणूस यंत्राशेजारी उभा लागतो.

काढलेला गाळ काठावर ढीग लावून ठेवणं ही सगळीकडे दिसणारी गोष्ट, आणि तिनेच निम्मं काम वाया जातं. तो ढीग पुराचं पाणी बाजूला पसरू देत नाही, पाणी पात्रातच कोंडून तळ कापतं आणि शेवटी ढीगच परत ओढ्यात येतो. गाळ त्याच हंगामात शेतात गेला पाहिजे. एका एकरावर दोन इंचाचा थर द्यायला साधारण ७२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो, म्हणजे मागणी आधी नोंदवून ट्रॉल्यांचा हिशोब बसवता येतो. गावच्या सांडपाण्याखालचा, प्लॅस्टिक मिसळलेला गाळ मात्र शेतात देऊ नये.

काठाचा उतार काळ्या मातीत उभ्या एकास आडवा दोन ते तीन ठेवावा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, भिजली की घसरते. पण सगळेच काठ असे तासू नयेत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला दीड-दोन मीटरचा उभा, पक्क्या मातीचा काठ असेल तर तो तसाच सोडायचा, कारण खंड्या आणि वेडा राघू त्यातच बिळं करतात. १४ ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यात झाला तसा पाऊस कुठल्याच पात्रात मावत नाही. त्यासाठी वळणाच्या आतल्या अंगाचा काठ मुद्दाम खाली ठेवून पाण्याला पसरायला मोकळा पट्टा द्यायचा. दोन्ही काठांना ५-५ मीटर मिळाले तरी खूप फरक पडतो.

ओढ्याला जीव येतो तो डोह आणि उथळ भाग यांच्या पाळीपाळीने. निसर्गात दोन उथळ भागांतलं अंतर पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असतं. ४ मीटर रुंद ओढ्यात २० ते २८ मीटरवर एक उथळ भाग. जिथे पात्र सरळ केलेलं होतं तिथे आम्ही पात्रात आडवे दगडी पट्टे घातले. उंची ३० सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. वरच्या अंगाचा उतार उंचीच्या चौपट लांब, म्हणजे साधारण सव्वा मीटर. खालच्या अंगाचा वीसपट, म्हणजे ६ मीटर. हा लांब उतार हेच पट्ट्याचं मर्म आहे, कारण मासे त्यावरून चढतात. माथा मध्यभागी १०-१५ सेंटिमीटर खोलगट ठेवायचा म्हणजे कमी पाण्यातही धार मधून जाते. दोन्ही टोकं काठात किमान एक मीटर आत गाडायची. इथे कंजूषी केली की पाणी बगल फोडतं आणि पट्टा कोरडा राहून काठ जातो. माथ्याचे दगड २० ते ४० सेंटिमीटरचे, पट्ट्याचा पाया तळात ३० सेंटिमीटर रुतवलेला. फटींत बारीक खडी आणि मुरूम ठासून भरायचा, नाहीतर सगळी धार दगडांखालून जाते. एका पट्ट्याला दोन ते तीन ब्रास दगड पुरतो आणि बांधावरचे धोंडे शेतकरी आनंदाने देतात.

मृगाच्या पहिल्या पुराला नदीतून चढणीचे मासे वर येतात. त्यांना एक फुटाची उभी पायरीसुद्धा भिंतच असते. आपल्या रस्त्यांखालच्या सिमेंटच्या नळ्या बहुधा तळापासून उंच बसवलेल्या असतात. नळी बदलायला पैसे नसतील तर तिच्या खाली असाच एक दगडी पट्टा घालून पाणी नळीच्या तोंडापर्यंत फुगवायचं. नवी नळी बसणार असेल तर व्यासाचा पाचवा भाग तळाखाली गाडून घ्या, असा आग्रह धरावा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) जूनपूर्वी निघालेच पाहिजेत. राहिले तर मासेही अडतात आणि पूर बाजूने काठ कापतो.

सांडपाणी सोडून हे सगळं करण्यात अर्थ नाही. घरोघरचे शोषखड्डे काळ्या मातीत भरून येतात, कारण ती पाणी पीत नाही. खड्डा मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. गटाराच्या तोंडाशी आधी गाळ बसवणारी टाकी आणि मग ६० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. वाफ्याला माणशी १ ते २ चौरस मीटर जागा धरावी. टाकी न करता थेट वाफा केला तर खडी लवकरच तुंबते.

लागवड मृग-आर्द्रात. पाण्याच्या रेषेला लव्हाळा आणि वाळा; वाळ्याचे ठोंब दोन-तीन फुटव्यांचे, १५ सेंटिमीटर अंतराने. त्यावर निर्गुडी. अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन फुटी काडी दोन तृतीयांश जमिनीत घातली की फुटते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. वरच्या काठाला करंज, उंबर, जांभूळ, शिंदी, हिवर, देशी बाभूळ, तीही चार-पाच मीटरवर. जांभळाचं बी टिकत नाही, ते ताजंच टोचायचं. उतारावर मारवेल. सुबाभूळ आणि निलगिरी नको. ओढ्याच्या वरचा माळ झाडं लावून भरू नये, हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. नान्नजचा माळढोक, आपल्याकडचा लांडगा, काळवीट यांचं घर पवन्या आणि कुसळीचं उघडं गवतरान आहे, आणि तेच गवत ओढ्यात येणारी माती अडवतं. मेंढपाळांशी बसून दोन पावसाळे काठावर चराई थांबवावी, पण पाण्यावर यायला दगड बसवलेली एक वाट मोकळी ठेवावी. ती नसली तर कळप कुठूनही उतरतो.

डोहात गप्पी मासे, तिलापिया किंवा रोहू-कटल्याचं बीज सोडू नये. दांडवण मासे आणि चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, गप्पी मासे मात्र बेडकांची पिल्लंही संपवतात. डोहात एखादं वठलेलं खोड दगडाला बांधून पडू द्यावं, खेकड्यांना आणि लहान माशांना आसरा होतो. मार्चनंतर यंत्र खड्यांवर नेण्याआधी टिटवीची अंडी पाहून घ्यावीत आणि सापडली तर तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडावा.

पहिल्या मोठ्या पुरात काही दगड सरकतात, एखादा डोह भरतो, दुसरीकडे नवा पडतो. पाण्याने स्वतः केलेला बदल लगेच नीट करायला जाऊ नये. पट्ट्याची टोकं उघडी पडली असतील तर तेवढीच हाताने परत गाडावीत. सप्टेंबरात माती मऊ असताना वेड्या बाभळीची गुडघ्याएवढी रोपं मुळासकट उपटायची. जमिनीतलं बी कित्येक वर्षं उगवत राहतं, म्हणून ही उपटणी ग्रामपंचायतीच्या वार्षिक कामांत लिहून घ्यावी.