पेसर्सचा वेग आणि आमची जुंपली
आज सकाळी डेक्कनवर खेळून झाल्यावर अमृततुल्यात एनबीएमधल्या इंडियाना पेसर्स या बास्केटबॉल संघाच्या वेगवान खेळावरून जोरदार जुंपली. मित्राचं म्हणणं, नुसतं पळत सुटणं म्हणजे आक्रमण नव्हे. प्लेऑफ्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, सावकाश, आखीव खेळच लागतो. मला अजिबात पटत नाही. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) हातात पडताच पेसर्सचा गार्ड हॅलिबर्टन मान वर करून लांब पास टाकतो, समोरचा बचाव उभा राहायच्या आत! प्रत्येक चढाईला २४ सेकंद मिळतात म्हणून ते सगळे वापरलेच पाहिजेत का? २००४-०५ मध्ये स्टीव्ह नॅशच्या फिनिक्स सन्स संघानं असंच धावत ६२ सामने जिंकले. "पण ट्रॉफी कुठंय?" मित्र म्हणाला. अरे, २०२५ च्या फायनलमध्ये, सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटला, ते धरायचं की नाही? त्याच फायनलच्या पहिल्या सामन्याचा शेवट मित्राला उद्या परत दाखवणार आहे. ०.३ सेकंद उरले असताना पडलेली हॅलिबर्टनची ती बास्केट!