वायरमनचा फोन वेटिंगवर: माझा अनुभव

डीपी, म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की अख्ख्या शिवाराचे फोन एकाच नंबरवर जातात. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट मोजके तास, आणि वायरमन साहेबांचा फोन वेटिंग. आमच्याकडं सगळ्यांचा समज असा की आधी लावला त्याचा नंबर आधी. वेटिंगमध्ये नंबर-बिंबर काही लागत नाही. मला हे कळायला फार उशीर लागला, त्याचा राग अजून आहे.

वेटिंगची जागा एकच असते. साहेब एकाशी बोलायलेत, दुसऱ्याचा कॉल त्यांच्या कानात टुकटुक करायलाय, झाली जागा फुल्ल. तिसऱ्याला थेट एंगेज: टूं, गप्प, टूं, गप्प, पाऊण-पाऊण सेकंदाचं. म्हणून रेकॉर्डिंगमधली बाई ‘लाईनवर राहा’ म्हणाली किंवा स्क्रीनवर ‘कॉल वेटिंग’ आलं, तर ती एकुलती एक जागा तुमच्याकडं आहे. आपण काय करतो? चिडून कट, लगेच रीडायल. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरचा कुणीतरी घुसतो आणि आपल्या कानात टूं-टूं. स्वतःच्या हातानं जागा सोडायची आन् वायरमनला शिव्या घालायच्या.

कट करू नका. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये मोबाईलची रिंग ३० सेकंद ठरवली, लँडलाईनची ६०. त्या ३० सेकंदांत आधीच्याचं बोलणं संपलं, तर तुमचीच रिंग तिकडं नेहमीसारखी वाजते. नाही संपलं तर कॉल आपोआप सुटतो आणि तिकडं तुमचा मिस्ड कॉल राहतो. मग दोन-तीन मिनिटं थांबा. दहा वेळा लावला तर दहा वेळा टुकटुक होते, माणूस वैतागून लाल बटण दाबतो. रिंग अर्ध्यातच तुटून एंगेज आलं, तर बहुतेक वेळा कॉल कापलेला असतो. तेव्हा मेसेज टाका: गाव, डीपी कुठला, फ्यूज उडाला का ऑइल गळतंय. सारखं नुसतं एंगेजच येत असेल, तर त्यांनी वेटिंग बंद ठेवलं असेल.

वेटिंगमध्ये पैसे लागत नाहीत. फोन उचलून ‘एक मिनिट हं’ म्हणत होल्डवर टाकला की मात्र मीटर सुरू. अनलिमिटेड पॅक असेल तर सोडून द्या.

‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकून लगेच नाराज होऊ नका. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं सिम नेटवर्कला सापडतच नाही. दुसरा नंबर माहीत असेल तर तो लावा. व्हॉट्सॲप कॉलचं उलटं. माणूस तिकडं बोलत असतो, पण टॉवरच्या लेखी फोन मोकळा, त्यामुळं आपल्याला बहुतेक वेळा साधी रिंग ऐकू येते. उचलत नाही म्हणून टाळायलाय असं नाही.

आणि हो, वायरमन उलटा फोन करतील तेव्हा तुम्ही पाहुण्यांशी बोलत असाल, तर? *#४३# लावून आपलं वेटिंग चालू आहे का बघा. बंद असेल तर *४३#. फोरजी कॉलिंगवर हे कोड कधीकधी चालत नाहीत, मग कॉल सेटिंगमध्ये जाऊन बटण चालू करा.