सेन्सर बदलण्याआधी नळी काढून बघा

चतुर्थी तोंडावर आलेली, पडदे-चादरी धुवायला काढलेल्या, आणि आमचं टॉप लोड वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबेना. सगळ्यात खालची पातळी लावली तरी टब भरतच राही, मग डिस्प्लेवर एरर येई आणि काम तिथेच अडे. कधी नेमकं उलट व्हायचं. पाणी सगळं निघून गेलं तरी मशीनला टब भरलेलाच वाटे आणि पिळणं सुरूच होत नसे. डिचोलीच्या पावसात हाताने पिळलेली चादर वाळता वाळत नाही, कुबट वास धरते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

बघायला आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच सांगितलं, पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर गेला, मशीन चालवणारा बोर्डही बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा न्हाणीतला दगड बरा." मला मात्र वेगळंच खटकत होतं. सेन्सर मेला असेल तर तो एकाच तऱ्हेने चुकायला हवा. हा कधी कमी दाखवत होता, कधी जास्त. माझे धाकटे दीर आयटीआय शिकलेले आहेत, फोंड्याला असतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, ते मशीन पाणी मोजत नाही, हवेचा दाब मोजतं. आधी नळी बघा."

ही गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं होतं. टबाच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला एक छोटी पोकळी असते. बादलीत पेला उपडा बुडवला की आत हवा कोंडते, तशी टबात पाणी चढलं की या पोकळीत हवा कोंडते आणि दाबली जाते. तो दाब एका बारीक नळीतून वर सेन्सरपर्यंत पोचतो. सेन्सरमध्ये लवचीक पडदा असतो. तो हलला की तारेच्या वेटोळ्यातला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा तुकडा सरकतो आणि बोर्डाकडे जाणाऱ्या सिग्नलची वारंवारता बदलते. त्यावरून बोर्ड पाण्याची पातळी ठरवतो. दाब किती, तर पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीला जेमतेम १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण शंभरावा भाग. एवढ्याशा दाबावर हिशेब चालत असेल तर नळीला सुईएवढं भोक किंवा आत पाण्याचा एक थेंब पुरे. हवा निसटली किंवा दाब वर पोचलाच नाही तर मशीनला पाणी कमी वाटतं, हवा अडकून राहिली तर जास्त. माझी दोन्ही लक्षणं इथे जुळली.

नळ बंद केला, टब रिकामा केला, प्लग भिंतीतून काढला आणि बोर्डात साठलेली वीज उतरावी म्हणून थोडा वेळ थांबले. यात घाई नको, पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर नकोच. मागचे स्क्रू काढून वरचा पॅनेल उचलला. सेन्सर म्हणजे प्लॅस्टिकची गोल चकती, तिला एक कनेक्टर आणि एक नळी. कनेक्टर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. दमट हवेने पिना काळवंडतात, त्या कोरड्या ब्रशने साफ केल्या. मल्टिमीटर लावला तर वेटोळ्याचा रोध वीस-बावीस ओहम आला, म्हणजे तार तुटलेली नव्हती. मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो. बघायचं ते एवढंच, की मीटर काहीतरी दाखवतो की सर्किट उघडंच, म्हणजे तार तुटलेली, दाखवतो.

मग नळी सेन्सरपासून सोडवून तिच्यात हळूच फुंकर मारली. खाली टबात हवा निघाल्याचा आवाज यायला हवा होता. काहीच आलं नाही. फुंकर नळीत मारायची, सेन्सरमध्ये जोरात मारायची नाही, आतला पडदा नाजूक असतो.

मागचं पत्र्याचं पान काढून नळी खालूनही सोडवली. एक टोक बोटाने बंद करून बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकाने फुंकली. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे नळी धड होती. अडथळा पोकळीच्या तोंडाशीच होता. साबणाचा बुळबुळीत थर, त्यात बारीक तांबडी माती. पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ होतं, जांभ्याची माती त्यात उतरते. शिवाय या पाण्याला फेस लवकर येतो, त्यामुळे पाकिटावरच्या मापाने पावडर टाकली तरी ती जास्तच होते, आणि तो फेस पोकळीत शिरून तिथेच सुकतो. सिरिंजने कोमट पाणी पुन्हा पुन्हा सोडलं, ते टबात मोकळं वाहू लागेपर्यंत. नळीतूनही तसंच पाणी काढलं आणि ती उलटी टांगून पूर्ण कोरडी केली.

परत जोडताना तीन गोष्टी मी जपल्या. नळी कुठे लोंबकळू दिली नाही, कारण खोलगट जागी थेंब साचतो आणि दाब अडतो. पिळताना टब हलतो, तेव्हा ती पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून जुन्या क्लिपांतच बसवली. आणि जोडली ती टब पूर्ण रिकामा असतानाच. टबात पाणी असताना नळी लावली तर त्या पातळीला मशीन शून्य समजतं आणि पुढची सगळी मोजणी बिघडते.

कपडे न घालता खालच्या पातळीवर चालवलं. पाणी ठरल्या जागी थांबलं, निचरा झाल्यावर पिळणंही सुरू झालं. पडदे चतुर्थीआधी धुवून झाले.

आता पावडर कमी घालते आणि पाऊस असेपर्यंत अधूनमधून रिकाम्या टबात गरम पाण्याची एक फेरी देते. नळी आणि पोकळी मोकळी करूनही मोजणी चुकत असेल, किंवा मीटरवर वेटोळं तुटलेलं दिसत असेल, तर मात्र सेन्सर बदलावा, तोही त्याच मॉडेलचा. आणि सेन्सर बदलूनही एरर राहिली, तरच बोर्डाकडे वळावं.