निळ्या मगची नोंद, सातवी: वास स्टीलमध्ये नव्हताच

शनिवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर खाणीच्या वरच्या बाजूला बसलो होतो. आईने निळ्या मगातून गवती चहाचा एक घोट घेतला, तोंडात जरा घोळवला आणि म्हणाली, "अजून आहे गं."

म्हणजे कॉफीचा वास, जो या स्टीलच्या मगातून घालवायचा प्रयत्न मी सहा नोंदी करतेय. पर्काचे, म्हणजे सोडियम परकार्बोनेट या धुण्याच्या पावडरीचे, तीन राउंड झाल्यावरसुद्धा. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की मगाची आतली बाजू नव्यासारखी लखलखतेय आणि आता फक्त चव बघायची राहिलीय. लखलखत होतीच, टॉर्च लावून बघितलं तरी कुठे राप दिसत नव्हता. पण गवती चहा फार नाजूक. मसाल्याच्या चहात कॉफीचा जुना वास लपून जातो, गवती चहात नाही. माझी कसोटी तीच आहे, कारण शनिवारचा तो चहा आईचा आहे आणि तो तिला तिच्या चवीचाच मिळायला हवा.

घरी आल्यावर आधी मगाचे भाग सुटे केले. सहा नोंदी मी सगळा मग एकत्र धूत आणि एकत्रच हुंगत होते. वास नक्की कुठून येतो हे तसं कधीच कळलं नसतं.

तुळशीबागेतून आणलेल्या तीन नव्या काचेच्या बरण्या घेतल्या. लोणच्याची जुनी बरणी या कामाला चालत नाही, तिचा स्वतःचाच वास असतो. एकीत नुसतं झाकण, दुसरीत झाकणाची सिलिकॉनची रिंग, तिसरीत काहीच नाही. मगाच्या अंगावर ताटली झाकली. सगळ्यांत ८५ अंशांचं फिल्टरचं पाणी ओतून अर्धा तास ठेवलं. बरण्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि जागा बदलल्या, म्हणजे कशात काय आहे ते आईला कळू नये. तिने आधी वास घेतला, मग चमच्याने चव. आपली नेहमीची शून्य ते पाच फूटपट्टी (० म्हणजे वास अजिबात नाही):

नुसतं पाणी ०. मगाचं अंग ०. झाकण २. रिंग ४.

तिसऱ्या नोंदीत मी "स्टील कॉफी पितं" असं लिहिलं होतं, ते मागे घेते. ३०४ स्टील (मगाचं नेहमीचं स्टेनलेस स्टील) वास शोषत नाही. त्यावर कॉफीच्या तेलाचा पातळ थर बसतो, हवेने तो खवट होतो आणि तोच आपल्याला लागतो. अरेबिका जातीच्या कॉफीच्या बियांत साधारण १५ टक्के तेल असतं, रोबस्टा जातीत १० च्या आसपास. कागदी फिल्टर त्यातलं बरंचसं अडवतो, मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) किंवा आपला पितळी फिल्टर अडवत नाही. हा थर पर्का नीट काढतो: गरम पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, सोडा तेल सोडवतो आणि पेरॉक्साइड रंग घालवतो. लिटरला एक चमचा, पाणी ६० अंशांच्या वर, वीस मिनिटं. झाकण लावायचं नाही, कारण ऑक्सिजन सुटत असतो आणि बंद मगात दाब चढतो. हे मी दर नोंदीत लिहिते आणि पुढेही लिहीन.

पण सिलिकॉनची गोष्ट वेगळी. कॉफीचे वासाचे घटक त्याच्यावर बसत नाहीत, आत शिरतात. पर्का पाण्यातून काम करतो आणि पाणी सिलिकॉनमध्ये जवळजवळ शिरत नाही. म्हणजे गेले सहा आठवडे मी दाराला घट्ट कुलूप असलेल्या खोलीचा उंबरठा पुसत होते.

रिंगवर आठवडाभर जे केलं ते असं. खायच्या सोड्याचा लेप रात्रभर: ४ चे ४. लिंबाच्या रसात ठेवली तर दोन दिवस लिंबू आणि कॉफी दोन्ही, मग लिंबू गेलं आणि कॉफी राहिली. दहा मिनिटं उकळली तेव्हा आईने २ दिले आणि मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रिंगला पुन्हा ४. माझ्या मते पृष्ठभागाजवळचा वास उकळताना गेला आणि रात्रभरात आतला बाहेर सरकला. म्हणून धुतल्याधुतल्या घेतलेली चाचणी आता मी मोजत नाही. किमान बारा तास थांबायचं, मगच हुंगायचं. तुम्हीही आपापले जुने आकडे या हिशोबाने पुन्हा तपासा.

गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात ठेवली तर ३, आणि तो ३ टिकला. धागा तिथेच सापडला. उष्णतेने आतला वास खरोखर बाहेर पडतोय, फक्त ऊन पुरत नाहीये.

मंगळवारी रात्री ओटीजी लावला. रिंग एकटीच, जाळीवर, १२० अंश, एक तास. चांगलं सिलिकॉन २०० अंशांपर्यंत सहज टिकतं. दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरात वास सुटला. ताज्या कॉफीचा नव्हे, ऑफिसातून परतल्यावर संध्याकाळी मग उघडला की येतो तो शिळा, आंबूस वास. खिडकी उघडून मी तिथेच उभी राहिले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो वास मगातून *निघताना* अनुभवला, फार बरं वाटलं. आणखी एक तास दिला, शेवटी शेवटी काहीच येईना. बारा तास थांबून बुधवारी चाचणी: १. गुरुवारी पुन्हा: १. तो चढला नाही!

करणार असाल तर रिंग पूर्ण सुटी करा आणि ती सिलिकॉनचीच आहे याची खात्री करा. काळं रबर असेल तर करू नका. मगाचं अंग ओव्हनमध्ये कधीच नाही, दोन भिंतींमधली निर्वात पोकळी खराब होईल. पर्काबद्दलही एक: उरलेलं पाणी ॲल्युमिनियमच्या मोका पॉटमध्ये ओतायचा मोह टाळा, ॲल्युमिनियम काळं पडतं. आणि ब्लीच कशातच नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

जादा रिंगसाठी कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की सुटी रिंग मिळत नाही, झाकणच नवं घ्या, आणि झाकणाची किंमत मगाच्या जवळपास निम्मी. एवढ्याशा रिंगसाठी अख्खं झाकण फेकायला लावणं मला पटत नाही. म्हणून बोहरी आळीत गेले. ओ-रिंगच्या दुकानातल्या काकांनी जुनी रिंग व्हर्निअरमध्ये धरली, माप पुटपुटले आणि मागच्या खणातून पांढरी, खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉनची रिंग काढली. "कॉफीला वेगळी, चहाला वेगळी ठेवा ना," हेही त्यांनीच सुचवलं. दोन घेतल्या. नव्या रिंगला स्वतःचा वास आहे, वापरायच्या आधी तीही एक तास भाजणार. पर्का मात्र तिथल्याच केमिकलच्या दुकानातून सुटा घ्या. डाग घालवायच्या सुगंधी पावडरी आणू नका, कॉफी जाऊन मगाला मोगरा लागतो.

रिंग सुटली, उरलं झाकण. त्यात एक गोष्ट माझ्या नजरेतूनच सुटली होती. पिण्याच्या भोकाची पट्टी सरकते, तिच्या खाली बोटाच्या नखाएवढी दुसरी सिलिकॉनची गादी आहे. वरून दिसत नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी घालून हळूच उचलली तर ती सुटून आली आणि तिच्या मागे काळपट तपकिरी कीटण, मधासारखं चिकट. काडीला लागलेलं ओढलं तर तार निघाली. ते पर्कात धुतलं, गादी ओव्हनमध्ये टाकली. ज्यांच्या मगाला सरकती पट्टी आहे त्यांनी आज रात्री हे उघडून बघा.

गादी काढल्यावर आणि खाच धुतल्यावर झाकण २ वरून दीडवर. म्हणजे प्लॅस्टिकमध्येही थोडं मुरलंय. झाकणाखाली त्रिकोणात ५ आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १२० अंशांवर त्याचा आकार बिघडू शकतो, म्हणून ओव्हन बाद. खरं तर इथे मी उन्हात ठेवायची योजना लिहायला बसले होते. पण आई शेजारी फणसाचे गरे काढत होती, हाताला तेल चोपडून, कारण फणसाचा चीक पाण्याने जात नाही, तेलानेच जातो. कॉफीच्या वासाचे घटकही तेलात जास्त रमणारे आहेत. मग झाकणातून त्यांना बाहेर काढायला पाणी का वापरतेय मी?

बेत बदलला. ऊन नंतर. आता झाकण वास नसलेल्या रिफाइंड तेलात, बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात, चोवीस तास. मग साबण, मग पर्का, मग बारा तास थांबायचं. सिलिकॉनची रिंग तेलात घालणार नाही, तेलाने ती फुगू शकते. दुसरं जुनं झाकण तसंच साध्या पाण्यात ठेवलंय, म्हणजे फरक तेलाचा की नुसत्या उष्णतेचा ते कळेल.

दोन्ही बरण्या आत्ता ओट्यावर आहेत. तेलाची पहिल्या तासात किंचित पिवळी झालीय, पण पातेल्यातल्या उजेडाचा भास असू शकतो, म्हणून शेजारी कोऱ्या तेलाची तिसरी बरणी ठेवते. शनिवारी गवती चहा निळ्याच मगात नेणार आहे.