फाट्याचं काम

‘ख्रिस्त माझ्या ठायी जगतो’ हे शब्द मंडळीत इतक्या वेळा कानावर पडतात की ते आपल्याला कळले आहेत असंच वाटायला लागतं. मग एखादा नवा विश्वासी विचारतो, “जगतो म्हणजे नेमकं काय होतं? मला तर आत काहीच वेगळं जाणवत नाही.” त्याला बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “प्रार्थना वाढव.” मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि काही जणांच्या बाबतीत घातकही. त्यातून त्याची समजूत होते की ख्रिस्त आत राहील की नाही हे आपल्या कष्टांवर ठरतं. हे शब्द लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं म्हणणं बरोबर याच्या उलट आहे.

हे वचन गलतीकरांस पत्रात 2:20 मध्ये आहे. ‘मी ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेला आहे’ यातलं मूळ ग्रीक क्रियापद पूर्ण काळातलं आहे. म्हणजे घटना होऊन गेली आणि तिचा परिणाम आजही चालू आहे. ‘मी स्वतःला खिळून घ्यायची धडपड करतो आहे’ असं तो म्हणत नाही. त्याच वचनात पुढे तो ‘देहामध्ये जे माझे जीवित आहे’ असंही म्हणतो, म्हणजे ‘मी’ पुसला गेलेला नाही. पौल पौलच राहिला. तो पत्रं लिहितो, हातांनी काम करून पोट भरतो, थोडं आधी 2:11 मध्ये पेत्राला तोंडावर विरोध करतो. बदलला तो जगण्याचा झरा.

ख्रिस्त पित्याच्या उजवीकडे बसला आहे, मग तो माझ्यात कसा? याचं उत्तर रोमकरांस पत्राच्या 8:9-11 मध्ये सावकाश वाचावं. ‘देवाचा आत्मा’, ‘ख्रिस्ताचा आत्मा’ आणि ‘ख्रिस्त तुमच्यामध्ये’ हे शब्द तिथे अवघ्या तीन वचनांत एकाच वास्तवासाठी आलेले आहेत. ख्रिस्त पवित्र आत्म्याच्या द्वारे वस्ती करतो. ज्याला ख्रिस्ताचा आत्मा नाही तो ख्रिस्ताचा नाही, हेही तिथेच स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे ही अनुभवी संतांसाठी राखून ठेवलेली वरची पायरी नव्हे. नवा जन्म झालेल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवसापासून लागू आहे. मग इफिसकरांस पत्रात 3:17 मध्ये, आधीच विश्वास ठेवलेल्या लोकांसाठी, ख्रिस्ताने तुमच्या अंतःकरणात वस्ती करावी अशी प्रार्थना पौल का करतो? तिथल्या क्रियापदाचा अर्थ कायमचं राहायला येणं असा आहे. पाहुणा म्हणून उतरणं वेगळं आणि बिऱ्हाड थाटणं वेगळं. तो आत आलेला असतोच. त्याच्या ताब्यात किती दिलं, एवढाच प्रश्न उरतो.

इथे दोन गैरसमज हमखास होतात. पहिला, थेंब समुद्रात विरघळावा तसे आपण ख्रिस्तात विरघळतो. तसं होत नाही. प्रीती करायला दोघं लागतात, आणि ‘त्याने माझ्यावर प्रीती केली’ हे गलतीकरांस 2:20 चंच शेवटचं टोक आहे. दुसरा, एखादी शक्ती माणसाला झपाटते तसं हे असावं. पण आत्म्याच्या फळात, गलतीकरांस 5:22-23 मध्ये, शेवटचा शब्द इंद्रियदमन आहे. ख्रिस्त आत असताना माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटत नाही, उलट परत मिळतो.

आता वेल. ‘मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात’ असं येशू शिष्यांना म्हणतो; फाटा म्हणजे वेलीची फांदी. योहानाच्या 15 व्या अध्यायात, चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे सात वचनांत, ‘राहणे’ हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये दहा वेळा येतं. ‘फळ आणा’ अशी आज्ञा त्यात एकदाही नाही. आज्ञा आहे ती राहण्याची; राहणाऱ्याला फळ येतं. हे समजायला यहेज्केलाचा 15 वा अध्याय शेजारी ठेवावा. संदेष्टा विचारतो की द्राक्षवेलीच्या लाकडाचा उपयोग काय? भांडं टांगायला त्याची साधी खुंटीदेखील होत नाही. दुसऱ्या झाडाची फांदी तोडली तर निदान काठी तरी होईल. वेलीचा फाटा मात्र वेलीला जोडलेला असेल तरच कामाचा. ‘माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हांला काही करता येत नाही’ हे येशूचं बोलणं मला म्हणूनच अलंकारिक वाटत नाही. वेलीचं लाकूड हातात घेतलेल्या माणसाला ते शब्दशः पटेल.

याचा अर्थ फाटा आळशी असतो असा मात्र नाही, आणि हा भाग बरेच जण गाळतात. पाणी आणि क्षार मुळांकडून येतात हे खरं, पण त्यावर पानं उन्हात राबतात, साखर तयार करतात, आणि ती घडात उतरते. फाट्याची पानं दिवसभर काम करत असतात. फक्त ती आपलं पाणी आपण तयार करायला जात नाहीत. कलस्सैकरांस 1:29 मध्ये पौल हेच सांगतो: मी झटून श्रम करतो, पण माझ्यामध्ये जोराने कार्य करणाऱ्या त्याच्या शक्तीनुसार. तिथलं ‘झटणे’ हे ग्रीक भाषेत खेळांच्या स्पर्धेतलं क्रियापद आहे. घाम पौलाचा, बळ ख्रिस्ताचं.

छाटणीबद्दलही थोडं. वेलीच्या जुन्या काडीवर मोजके डोळे, म्हणजे अंकुर फुटायच्या जागा, ठेवून बाकीची काडी कापतात, आणि त्या राखलेल्या डोळ्यांतून फुटणाऱ्या नव्या फुटीवर घड येतो. उशिरा छाटलं तर कापलेल्या टोकातून थेंब थेंब पाणी गळताना दिसतं. बघणाऱ्याला वाटावं, वेल रडते आहे. योहान 15:2 प्रमाणे छाटणी होते ती फळ देणाऱ्या फाट्याची, म्हणून आयुष्यात काही काढून घेतलं गेलं की ती शिक्षाच असं लगेच धरू नये. मूळ भाषेत दुसऱ्या वचनातलं ‘साफ करणे’ आणि तिसऱ्यातलं ‘शुद्ध’ एकाच धातूचे आहेत, आणि शुद्ध झालात ते वचनामुळे असं येशू म्हणतो. छाटणीची कात्री बहुतेक वेळा वचनाचीच असते.

हे रोजच्या दिवसात कसं उतरवायचं? रोमकरांस 6 मध्ये तीन क्रिया ओळीने येतात: जाणणे, मानणे, स्वाधीन करणे. जाणायचं ते हे की ख्रिस्ताबरोबर जुना मनुष्य वधस्तंभावर गेला. 11 व्या वचनातला ‘माना’ हा मूळचा हिशेबातला शब्द. जमाखर्चाच्या वहीत आपण आकडा लिहितो तो पैसे जमा झालेत म्हणून. लिहिल्याने पैसे येत नाहीत. तसंच इथे. ‘मी पापाला मेलेला आहे’ असं शंभर वेळा घोकून ते खरं होत नाही. ते ख्रिस्तात झालेलं आहे, म्हणून त्याची नोंद करायची. आणि स्वाधीन करायचे ते अवयव. ‘प्रभू, माझं सगळं तुझं’ ही प्रार्थना ऐकायला छान, पण मोघम. पौल अवयव म्हणतो, तर नावं घ्यावीत. आज ज्या बैठकीत बसायचं आहे तिथली जीभ. रात्री एकटं असताना फोनवर फिरणारे डोळे. पैसे मोजणारा हात.

सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. शुभवर्तमानातली पाच ते दहा वचनं घ्यावीत, दोनदा वाचावीत, त्यातलं एक वाचन मोठ्याने. ‘यातून मी काय शिकलो’ याआधी ‘येशू इथे कसा वागतो’ हे विचारावं, कारण आत राहतो तो हाच येशू. त्याचा स्वभाव ओळखीचा नसेल तर त्याची हालचालही ओळखू येणार नाही. त्यातलं एक लहानसं वाक्य दिवसभरासाठी बरोबर न्यावं. रात्री दहा मिनिटं मागे वळून पाहावं. जेजुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची पाच टप्प्यांची पद्धत आजही उपयोगी आहे: आभार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्याचा विचार करणं. आभार आधी येतात ते महत्त्वाचं. पापापासून सुरुवात केली की दहा मिनिटं स्वतःलाच न्याहाळण्यात जातात.

खरी कसोटी या दोन टोकांच्या मध्ये असते. समजा, फोन वाजतो आणि कुणाचा तरी खोचक मेसेज येतो, सगळ्यांसमोर, ग्रुपवर. छातीत काहीतरी आवळतं, अंगठा आधीच टाइप करायला लागलेला असतो. या क्षणी विश्वासी माणूस दोन चुका करतो. एक, तडकाफडकी उत्तर. दुसरी, ‘मला राग आलेलाच नाही’ असं दाखवून गोड शब्दांत टोमणा. दोन्हींत चालवणारा देहस्वभावच, म्हणजे ख्रिस्ताविना चालणारा जुना स्वभाव. फोन पालथा ठेवावा. जे आहे ते बोलावं: “प्रभू, मला राग आलाय. मला त्याला दुखवायचंय. माझ्याकडे या माणसासाठी प्रीती नाही, तुझ्याकडे आहे.” ही तीन-चार वाक्यं दहा सेकंदांत होतात. त्यानंतर शांत वाटेलच असं नाही, आणि वाटेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आता जे उत्तर प्रीतीचं असेल ते लिहावं. ते कधी ‘बोलू या’ एवढंच असेल, कधी स्पष्ट नकार असेल, कधी उद्यापर्यंत काहीच नसेल. आत राहणारा ख्रिस्त अनुभवाला येतो तो बहुतेक वेळा असाच: आपल्याकडे नसलेली गोष्ट मागितली, आज्ञा पाळायला पाऊल टाकलं, आणि पाऊल टाकताना बळ मिळालं. आधी नाही.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त, भावनेला मोजपट्टी केल्यामुळे. उपासनेत अंगावर काटा आला की ख्रिस्त आत, सोमवारी कंटाळा आला की बाहेर. इफिसकरांस 4:30 मध्ये पवित्र आत्म्याला खिन्न करू नका असं म्हटलं आहे, आणि त्याच वचनात तुमच्यावर शिक्का मारलेला आहे असंही. खिन्न होणं वेगळं, निघून जाणं वेगळं. त्याला खिन्न करणाऱ्या गोष्टी आजूबाजूच्या वचनांत नावानिशी आहेत: खोटं बोलणं, रात्र उलटेपर्यंत धरलेला राग, चोरी, घाणेरडं बोलणं, कडूपणा. आतला संवाद बंद पडल्यासारखा वाटला तर आधी ही यादी तपासावी. सापडलं की 1 योहान 1:9 प्रमाणे नाव घेऊन कबूल करावं, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जावं, आणि त्यानंतर त्याच पापासाठी आठवडाभर स्वतःला झोडपत बसू नये.

दुसरा बिघाड म्हणजे दात-ओठ खाऊन केलेलं ख्रिस्तासारखं वागणं. मिशनरी हडसन टेलर 1854 मध्ये चीनमध्ये आला, आणि तरी 1869 पर्यंत आपल्यात पवित्रता का येत नाही म्हणून तो झुरत होता. सहकारी मॅकार्थी याच्या पत्राने त्याला दिसलं की विश्वास वाढवायला धडपडायचं नसतं, विश्वासू असलेल्याकडे पाहायचं असतं. त्यानंतर त्याचं काम कमी झालं नाही. दुःखंही टळली नाहीत. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी मारिया वारली. बदलला तो आतला ताण.

तिसरा, ‘प्रभूने मला सांगितलं’ हा शब्द फार सहज वापरणं. आतून आलेली प्रत्येक ऊर्मी ख्रिस्ताची नसते. ती वचनाच्या विरुद्ध असेल तर प्रश्नच संपला. ती फक्त माझ्या सोयीची असेल, घाई करायला लावत असेल, आणि कुणा प्रौढ विश्वासणाऱ्याला सांगायची लाज वाटत असेल, तर थांबावं. 1 करिंथकरांस 3:16 मध्ये ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ यातला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, आदरार्थी नाही. मराठीत हा फरक सहज निसटतो. एकट्याने ओळखता येत नाही ते मंडळीत ओळखता येतं. प्रभुभोजनाला एकटं कुणी बसत नाही.

आणि कोरडेपण. सगळं तपासलं, पाप लपवलेलं नाही, प्रार्थना चालू आहे, तरी आत शांतच शांत. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर. म्हणून आधी झोप आणि जेवण बघावं, आणि झोप उडालेली अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली तर डॉक्टरकडे जावं. त्यात विश्वासाची हार नाही. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर 88 वं स्तोत्र मोठ्याने वाचावं. 18 वचनं आहेत, दोनेक मिनिटं लागतात. त्याचा शेवट सुखाचा नाही. मूळ इब्रीत त्यातला अखेरचा शब्द अंधार असा आहे. पण पहिल्या वचनात तो माणूस देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारतो, आणि तेवढी हाक त्या दिवशी पुरते. सहावं-सातवं वचन वाचताना आवाज कापला तर तिथेच थांबावं, आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे वाचावं.