एक किलोजूल, दहा किलोमीटर

आज जळगावच्या उन्हात दिवसभर ऑलिव्हिनची गणितं. आपल्या बेसॉल्टमध्ये दिसतं तेच खनिज, फक्त ४१० किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली, जिथे ते रूप बदलतं.

रीत अशी: संगणकावर क्वांटम गणिताने खनिजाच्या वेगवेगळ्या आकारमानांना ऊर्जा काढायची, फोनॉनमधून (स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांमधून) उष्णतेचा वाटा मिळवायचा, जुन्या-नव्या दोन्ही रूपांची गिब्स ऊर्जा (कोणतं रूप टिकेल ते ठरवणारी ऊर्जा) जिथे सारखी होते तो दाब घ्यायचा. ऑलिव्हिनचं वॅडस्लेआइट, म्हणजे त्याचंच जास्त घट्ट रूप, साधारण १४ गिगापास्कलला होतं. घोळ इथेच आहे. दोघांच्या आकारमानात मोलमागे जेमतेम ३ घन सेंटिमीटरचा फरक. ऊर्जेत १ किलोजूल चुकलं की दाब ०.३ गिगापास्कलने हलतो, रूप बदलण्याची सीमा दहाएक किलोमीटर सरकते! पुढे आणखी खोल वॅडस्लेआइटचं रिंगवुडाइट (त्याहून घट्ट रूप) होताना हा फरक १ घन सेंटिमीटरच्या आसपास उरतो, म्हणजे तीच चूक पंचवीसेक किलोमीटरची.

त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायच्या दोन अंदाजी रीती आहेत: एलडीए दाब कमी दाखवतं, जीजीए जास्त. दोन्ही चालवा, खरा आकडा बहुधा मधे असतो. कटऑफ (गणित किती बारीक करायचं त्याची ऊर्जामर्यादा) दोन्ही रूपांना एकच ठेवा, के-पॉइंटची (ज्या नमुना-बिंदूंवर गणित होतं त्यांची) घनताही. नाहीतर दोन्हीकडच्या चुका एकमेकींना रद्द करत नाहीत. फोनॉनमध्ये काल्पनिक वारंवारता (रचना अस्थिर असल्याची खूण) दिसली तर आधी रचना नीट शिथिल झाली का, म्हणजे अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी बसले का, ते बघा, भाऊ.

गरम जागी ४१० किलोमीटरची सीमा खाली जाते, ६६० किलोमीटरची (जिथे रिंगवुडाइट फुटतं) वर येते. गणितात उलटं दिसलं तर एन्ट्रॉपीचं (अव्यवस्थेच्या मापाचं) अधिक-उणे चिन्ह तपासा.